फणसाखालचं पिस्तूल

डर्बन, रविवार

अगं,

तुझं पत्र पोचलं. म्हणजे तुझ्या नातवाने काढलेला त्या पत्राचा फोटो पोचला. अर्ध्या पानावर तुझा अंगठा आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर माझी खरडपट्टी. आफ्रिकेत जाऊन तीन महिने झाले आणि कळवतेस काय, तर नातीला दात आला नि पाऊस पडला. एवढंच लिहायचं तर मालवणला जाऊन राहायचं होतंस, म्हणे. बरं बाई, चुकलं. आज मुलगा-सून नातीला घेऊन समुद्रावर गेलेत. घरात मी, कुकर आणि खिडकीतल्या साळुंक्या. ओढ खुर्ची आणि बस.

साळुंक्या आपल्याच हो! शंभरेक वर्षांपूर्वी कुणी इथे आणून सोडल्या म्हणतात, आता गावभर झाल्यात आणि सकाळी सहाला अगदी तुझ्या वाड्यातल्यासारख्या भांडतात. शेजारच्या बाईंचे पणजोबा उसाच्या मळ्यावर करारपत्र करून मद्रासेहून आलेले. त्यांना तमिळ येत नाही आणि माझं इंग्रजी त्यांना कळत नाही, पण फोडणीचा वास दोघींनाही कळतो. परवा त्यांनी मला इथला तो प्रसिद्ध 'बनी चाऊ' खायला घातला. पावाचं पोट कोरायचं आणि आत मटणाचा रस्सा ओतायचा. हाताने खायचं. रस्सा माझ्या कोपरापर्यंत आला, मग त्यांच्या सोफ्यावर. आता त्या मला 'खऱ्या इंडियातल्या इंडियन' म्हणून सगळ्यांना दाखवतात.

तर त्याच बाई एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, तुमच्याकडे गांधी अजून चालतो का? आपण पाचशेची नोट चालते का विचारतो ना, तशा सुरात. मला काय उत्तर द्यावं सुचेना. तुला सांगते, त्या क्षणी मला एकदम आपली ओटी दिसली. माझे आबा झोपाळ्यावर, तुझे अण्णा खांबाला टेकून, मध्ये पानाचा डबा आणि रात्री अकरापर्यंत तेच एक भांडण, अहिंसा की बंदूक.

मुलाला म्हटलं, मला फिनिक्सला ने. गांधीजींचा आश्रम, १९०४ सालचा, डर्बनच्या बाहेरच इनांडा भागात. आश्रम म्हटल्यावर मी आमराई, शांतता वगैरे मनात धरून गेले होते. तर चहूकडे दाटीवाटीची वस्ती, पत्र्याची घरं, रस्त्यात फुटबॉल. १९८५च्या दंगलीत आश्रम जळाला होता, नंतर पुन्हा उभा केला. तिथून जवळच ओहलांगेची शाळा. ती काढणाऱ्याचं नाव जॉन दुबे. मी मुलाला म्हटलं, बघ, आपली माणसं कुठे कुठे पोचली, हे कानपूरकडचे दिसतात. तो गाडीतच इतका हसला की मागच्याने हॉर्न मारला. दुबे झुलू होते गो! १९१२ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेस स्थापन झाली (नाव तेव्हा जरा वेगळं होतं), तिचे पहिले अध्यक्ष. १९९४ साली मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत याच शाळेत टाकलं आणि दुबेंच्या समाधीपाशीही जाऊन उभे राहिले.

आणि ऐक, त्याच १९१२ साली या शाळेत कोण येऊन गेलं होतं? आपले गोखले! नामदार गोपाळ कृष्ण गोखले. गांधीजींनी त्यांना दक्षिण आफ्रिकेत बोलावून सगळीकडे फिरवलं, इथेही आणलं. त्या दौऱ्याच्या गमती गांधीजींनीच लिहून ठेवल्यात. जोहान्सबर्गला मेजवानीला जायचं, तर गोखल्यांच्या उपरण्याला इस्त्री नाही. ते उपरणं न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं, जिवापाड जपलेलं. गांधीजी म्हणाले, द्या, मी करतो. गोखले म्हणे, तुमच्या वकिलीवर माझा विश्वास आहे, धोबीकामावर नाही! शेवटी दिलं, आणि नीट झालं. दुसरी गंमत भाषणाची. गांधीजींचा आग्रह, आपल्या लोकांपुढे इंग्रजीत नाही, मराठीत बोला. श्रोत्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान होते. हिंदुस्तानीत उलथा मी करतो, म्हणाले. गोखल्यांनी विचारलं, तुम्ही मराठीचे पंडित कधी झालात? यांना मराठीचा एक शब्द बोलता येत नव्हता! तरी थेट झांझिबारपर्यंत गोखले मराठीत बोलले आणि गांधीजी उलथा करत गेले. काय उलथा केला असेल देव जाणे. माझ्या डोळ्यांसमोर तू उभी राहिलीस, काशीला पंड्याचं हिंदी आम्हाला समजावून सांगणारी.

पण सगळंच काही असं हसण्यासारखं नव्हतं. ओहलांगेच्या आवारात कॉलेजातली एक मुलगी भेटली. केसांच्या बारीक बारीक वेण्या, गोड चेहरा. मी इंडियातून आले म्हटल्यावर शांतपणे म्हणाली, तुमचे गांधी आमच्या पणजोबांबरोबर लढले नाहीत. खरं आहे ते. १९०६ साली झुलूंनी बंबाथाच्या मागे उठाव केला तेव्हा गांधीजी इंग्रजांच्या बाजूने जखमींच्या डोल्या वाहत होते. त्या जखमी झुलूंची शुश्रूषा त्यांच्या पथकाने केली हेही खरं, पण पथक इंग्रजांचं. त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणात आफ्रिकन माणसांबद्दल असे शब्द आहेत की मला तुला ते लिहवत नाहीत. घानातल्या विद्यापीठातून त्यांचा पुतळा २०१८ साली हलवला तो यावरूनच. आश्रम आणि शाळा इतक्या जवळ आणि लढे मात्र वेगवेगळे. मी तिला काही बोलले नाही. आबा असते तर बोलले असते का, याचा विचार करत बसले. मला वाटतं त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला असता.

एकत्र यायला पुढे चाळीस वर्षं गेली. मध्ये १९४९ साली याच डर्बनमध्ये आफ्रिकन आणि हिंदी लोकांत भयंकर दंगल झाली, शेजारच्या बाईंच्या आईने ती पाहिलेली. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५२ला, दोघं मिळून कायदेभंगाला उभे राहिले. गोऱ्यांच्या बाकावर बसायचं, गोऱ्यांच्या दारातून शिरायचं, आफ्रिकनांना सक्तीचा असलेला परवाना न बाळगता फिरायचं आणि हसत तुरुंगात जायचं. आठ हजारांहून जास्त लोक गेले.

आता मला सांग, नववीत सहलीसाठी आपण केलेलं उपोषण तुला आठवतं का? आठवत नसेल तर मी आठवण करून देते. दुपारपर्यंत तू व्हरांड्यात डोळे मिटून बसली होतीस आणि तुझ्या स्कर्टच्या खिशात भाजलेले शेंगदाणे होते. आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, हा सत्याग्रह नव्हे, हा डाव झाला. त्यावर अण्णा खो खो हसत म्हणाले, डाव तर डाव, सहल मिळाली ना पोरींना?

अगदी हाच वाद इथे झाला बघ, शेंगदाणे वगळून. गांधीजींचे चिरंजीव मणिलाल फिनिक्सलाच राहिले होते. त्यांचं म्हणणं, अहिंसा हे तत्त्व आहे, लढा त्यावरच उभा राहिला पाहिजे. मंडेला तेव्हा तरुण वकील. ते म्हणत, समोर सगळी ताकद सरकारच्या हातात आहे, म्हणून हा डाव. उपयोगी पडतो तोवर खेळायचा. आणि उपयोगी पडेनासा झाला की?

ते 'पडेनासा झाला की' कधी आलं, याची तारीख लोक देतात, २१ मार्च १९६०. शार्पविलला माणसं परवाने घरी ठेवून पोलीस ठाण्यासमोर जमली, आम्हाला पकडा म्हणायला. पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारी आकडा ६९ मेलेल्यांचा. कितीतरी जणांना गोळ्या पाठीत लागल्या, म्हणजे ती पळत होती. पंधरा-वीस दिवसांत काँग्रेसवर बंदी आली. हे वाचताना मला गोव्याच्या सत्याग्रहातली, १५ ऑगस्ट १९५५ची पत्रादेवी दिसत होती. आबा कधी त्या दिवसाबद्दल पुरतं बोलले नाहीत. हातात झेंडा होता, पुढचा माणूस पडला, एवढंच सांगायचे. मग पानाचा डबा ओढायचे.

पण तुला ज्या माणसाबद्दल सांगायचंय तो वेगळाच. अल्बर्ट लुथुली. डर्बनहून उत्तरेला तासाभरावर ग्राउटव्हिल म्हणून गाव आहे, दोन्ही बाजूंना नुसता ऊस. कोल्हापूरला आल्यासारखं वाटलं, फक्त गुऱ्हाळ दिसेना. तिथे त्यांचं घर आता संग्रहालय आहे. हा माणूस आधी शिक्षक, मग गावाने निवडलेला मुखिया, स्वतः ऊस लावणारा. १९३८ला धर्मपरिषदेसाठी मद्रासजवळ तांबरमला येऊन गेलेला. सरकारने म्हटलं, मुखियापद सोड नाहीतर काँग्रेस सोड. यांनी दोन्ही सोडलं नाही, तेव्हा सरकारनेच मुखियापद काढून घेतलं. आणि लगेच लोकांनी त्यांना काँग्रेसचा अध्यक्ष केलं. मग नजरकैद, गावाबाहेर जायचं नाही. शांततेचं नोबेल मिळालेला हा पहिला आफ्रिकन. ते घ्यायला सरकारने जेमतेम सुटी दिल्यासारखं ऑस्लोला जाऊ दिलं. तिथे ते झुलू पेहेरावात गेले.

आणि गंमत (गंमत कसली!) अशी की त्याच वर्षी, १९६१च्या मध्याला, डर्बनकडे रात्री-रात्री बैठका चालल्या होत्या. मंडेला म्हणत होते, आता शस्त्र उचलायलाच हवं. सगळ्यांवर बंदी, म्हणून बैठका रात्री. मंडेलांनीच नंतर लिहिलंय. लुथुलींना पटत नव्हतं. पण कुणी त्यांना अगदी गरीब गाय समजावं तर तेही नाही. माझ्या कोंबड्या उचलायला या म्हणजे कळेल मी किती शांततावादी आहे, अशा अर्थाचं ते बोलले म्हणे. मला हे इतकं आवडलं! दुसऱ्या रात्री इथल्या हिंदी लोकांच्या काँग्रेसवाल्यांबरोबर समुद्रकाठच्या एका घरात बैठक. तिथे जे. एन. सिंग म्हणाले, अहिंसेने आपल्याला दगा दिला नाही, आपणच तिला कमी पडलो. मंडेला म्हणाले, नाही, तिनेच दिला. पहाटेपर्यंत. शेवटी तोडगा निघाला तो अगदी घरातल्या भांडणातून निघतो तसा. काँग्रेस अहिंसकच राहील, पण वेगळी एक संघटना निघेल आणि तिच्याकडे काँग्रेस काणाडोळा करील. तिचं नाव उमखोंतो वे सिझ्वे, राष्ट्राचा भाला. तार, वीज, सरकारी कचेऱ्या उडवायच्या, माणसं मारायची नाहीत असं ठरलं.

१० डिसेंबर १९६१ला लुथुलींनी नोबेल घेतलं. १६ डिसेंबरला राष्ट्राच्या भाल्याचे पहिले स्फोट झाले. लुथुली घरी येऊन टेकतात न टेकतात तोच! त्यांनी परवानगी दिली होती, का नुसते गप्प बसले होते, का त्यांना धड विचारलंच नव्हतं, यावर इतिहासकार अजून भांडतात. मी त्या घराच्या व्हरांड्यात उभी राहून विचार करत होते, की गळ्यात शांततेचं पदक आणि रेडिओवर आपल्याच पोरांचे स्फोट, त्या रात्री हा माणूस जेवला असेल का?

आता तारखा बघ. १६ डिसेंबर. आणि दोनच दिवसांनी, १८ला, आपल्या रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या गोव्याकडे गेल्या. आपण सहा वर्षांच्या, कुंपणावर चढून हात हलवत होतो. तू पडलीस आणि गुडघा फोडलास. अण्णा टाळ्या वाजवत होते आणि आबा आत जाऊन चरख्याला तेल घालत बसले होते. तेव्हा मला ते रागावलेत असं वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना आनंद झाला होता आणि त्या आनंदाचीच लाज वाटत होती. नाहीतर त्या संध्याकाळी त्यांनीच ओटीवर अण्णांना पान लावून दिलं असतं का?

मला आधी वाटायचं, एका बाजूला अहिंसावाले, दुसऱ्या बाजूला बंदूकवाले. इथे कुणाचंच तसं सरळ दिसत नाही. घानाचे न्क्रुमा गांधींचं नाव घेत संप-बहिष्कारावर सत्तेत आले. १९५८च्या डिसेंबरात त्यांनी अख्ख्या आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांना आक्राला बोलावलं, तिथे अल्जीरियाकडून फ्रान्झ फॅनन उभे राहिले आणि बंदुकीशिवाय फ्रेंच हलणार नाहीत असं बजावून गेले. परिषदेने काय केलं? दोघांनाही पाठिंबा. झांबियाचे केनेथ कौंडा तर पक्के गांधीभक्त, हातात कायम पांढरा रुमाल, भर सभेत डोळे पुसायचे. आणि त्यांच्याच लुसाकात राष्ट्राच्या भाल्यापासून सगळ्यांना आसरा. मला हे ढोंग नाही वाटत. तुझी आई शाकाहारी होती आणि अण्णांसाठी बांगडे तळायचीच ना, नाकाला पदर लावून?

बायकांचं राहिलंच. ९ ऑगस्ट १९५६ला वीस हजार बायका प्रिटोरियाला सरकारच्या मुख्य कचेरीवर गेल्या, परवान्याच्या सक्तीविरुद्ध. पाठीला पोरं बांधलेली. पंतप्रधान भेटले नाहीत. त्यांनी अर्जांचे गठ्ठे दारात ठेवले आणि अर्धा तास, वीस हजार बायका, एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या. वाचता वाचता मी तुझा विचार केला. तुला नसतं हो जमलं. दहाव्या मिनिटाला तू शेजारणीला विचारलं असतंस की पातळ कुठून घेतलं.

मागच्या शनिवारी हॉविकला गेलो होतो. ५ ऑगस्ट १९६२ला मंडेलांना तिथेच रस्त्यावर पकडलं. शोफरच्या वेशात होते, नुकतेच लुथुलींना भेटून निघाले होते. आता तिथे पोलादाचे पन्नास उंच खांब उभे केलेत. जवळून बघावं तर नुसते वेडेवाकडे तुकडे, पण एका ठरावीक जागेवर उभं राहिलं की त्यांतून मंडेलांचा चेहरा दिसतो. मुलाला दिसला, सुनेला दिसला. नातीने 'टाटा' केलं, म्हणजे तिलाही दिसला. मला काही केल्या दिसेना. चार पावलं पुढे, दोन मागे, चष्मा वर, चष्मा खाली. शेवटी एका शाळकरी मुलाने मला खांद्यांना धरून जागेवर उभं केलं. आणि दिसले! एक पाऊल सरकले तर पुन्हा खांब.

लुथुलींना मात्र सुटका मिळाली नाही. १९६७ला रेल्वेच्या रुळांपाशी ते मरणाच्या दारात सापडले. मालगाडीची धडक बसली, असं सरकारने लिहून टाकलं. घरच्यांनी कधीच मानलं नाही. अठ्ठावन्न वर्षांनी, २०२५ साली, पीटरमॅरिट्झबर्गच्या न्यायालयाने सांगितलं की गाडी नव्हे, मारहाणीने मेले. पीटरमॅरिट्झबर्ग म्हणजे तेच गं, जिथे १८९३ला गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं. स्टेशन बघून आले मी. छोटंसं, लाल विटांचं. मुलाने माझा फोटो काढला, त्यात मागे एक माणूस केळं खातोय.

आणि शेवटी गोऱ्यांचं राज्य गेलं ते कशाने? शेजारच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही भाडं द्यायचं बंद केलं, दुकानांत जायचं बंद केलं, आणि पोरं शाळेत जाईनात. त्यांच्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, बॉम्ब. दोघं तिथेच जुंपले. मला त्यांच्याहून जास्त आवडली ती १९८९ची केपटाऊनची रंगपंचमी. मोर्चावर पोलिसांनी जांभळा रंग मिसळलेलं पाणी मारलं, का, तर रंगलेली माणसं नंतर ओळखून पकडता यावीत. एक जण त्या पाण्याच्या गाडीवरच चढला आणि नळी फिरवली, सत्ताधारी पक्षाच्या कचेरीकडे! पांढऱ्याशुभ्र भिंती जांभळ्या. आबा आणि अण्णा दोघंही हसले असते याला, एकाच वेळी. असा प्रसंग विरळा.

अजून एक सांगायचं ठेवलंय, मुद्दाम शेवटी. इथिओपियात लष्करी शिक्षण घेताना मंडेलांना एका कर्नलने पिस्तूल भेट दिलं. पकडले जाण्याआधी त्यांनी ते जोहान्सबर्गजवळ रिव्होनियाच्या लिलिजलीफ शेतावर पुरून ठेवलं. पुढे सत्तावीस वर्षं तुरुंगात. बाहेर येऊन राष्ट्राध्यक्ष झाले, आणि पिस्तूल? खणून खणून थकले लोक, अजून सापडलेलं नाही!

वाचलं आणि मी एकटीच इतकी हसले की सून धावत आली. तुला आठवलंच असेल. अण्णा गोव्यासाठी बंदूक उचललेल्या मोहन रानड्यांची गोष्ट सांगायचे, १९५५ला पकडले गेलेले रानडे पोर्तुगीजांच्या तुरुंगातून सुटायला १९६९ उजाडलं ते, आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, माझंही एक पिस्तूल आहे, परसात, फणसाखाली. (बघ, एका रानड्यांचं उपरणं आणि एका रानड्यांची बंदूक. दोन्ही आपल्याच.) मे महिन्याच्या सुटीत आपण दोघींनी ती सगळी जमीन उकरली होती, कोयता आणि करवंटीने. काय निघालं? बिस्किटाचा गंजका डबा, त्यात तीन पोर्तुगीज नाणी आणि आबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी, पावसाने पुसलेली. ती तुझ्या आईने चुलीत टाकली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तू लिहितेस, सून तिथे बोअरवेल मारायची म्हणतेय. मारू दे. फक्त मी येईपर्यंत थांबायला सांग, तेविसाचं तिकीट आहे. आणि कोयता धार लावून ठेव.

तुझीच